दा नांग विमानतळावरील डायऑक्सिन प्रदूषण

व्हिएतनाम युद्धाच्या काळात मध्य व्हिएतनाममधील दा नांगच्या विमानतळावर अमेरिकी हवाई दल ‘एजंट ऑरेंज’ या वनस्पतीनाशकाचा साठा करून ते फवारणीच्या विमानांत भरत असे. सांडलेल्या रसायनात टीसीडीडी हे डायऑक्सिनांपैकी सर्वांत विषारी संयुग होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. माती व गाळाच्या कणांना चिकटून दशकानुदशके टिकते. त्यामुळे खरा धोका पिण्याच्या पाण्यापेक्षा जेवणातून. शेजारच्या सेन तळ्यातल्या माशांच्या चरबीत ते साचले आणि खाणाऱ्यांच्या रक्तात, मातांच्या दुधात उतरले. शरीरातले निम्मे टीसीडीडी कमी व्हायला साधारण ७ ते ११ वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ते निश्चित कर्करोगकारक ठरवले.

पहिले उपाय साधे होते: तळ्यातली मासेमारी बंद करणे, दूषित जमिनीवर काँक्रीट घालणे, पावसाचे वाहते पाणी अडवून गाळणे. विष जागेवरच असताना त्याचा माणसापर्यंतचा रस्ता तोडणारे हे काम खर्चिक शुद्धीकरणाइतकेच मोलाचे मानायला हवे. शुद्धीकरण २०१२ मध्ये सुरू झाले. उकरलेली माती व गाळ बंदिस्त ढिगात रचून, आत खोवलेल्या तापक नळ्यांनी सुमारे ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. या उष्णतेत बहुतेक डायऑक्सिन विघटित होते. बाहेर पडणारी वाफ वेगळी शुद्ध करावी लागते. २०१८ पर्यंत सुमारे ९०,००० घनमीटर माती व गाळावर ही प्रक्रिया झाली. व्हिएतनाममधल्याच बिएन होआ या दुसऱ्या हवाई तळावरचे दूषित साहित्य याच्या कित्येक पट असून तेथील काम २०१९ मध्ये सुरू झाले.