तळटीप : उघडी राहिलेली फाइल
१२. वरच्या फंक्शनात ‘एफओपन’ने उघडलेली फाइल, वाचन फसून मधल्याच ‘रिटर्न’ने बाहेर पडल्यास, उघडीच राहते. प्रोग्राम संपताच ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्या फाइली बंद करते, म्हणून छोट्या प्रोग्रामात ही गळती कळतही नाही. सतत चालणाऱ्या सर्व्हरमध्ये कळते: लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा बहुधा १०२४ असते, ती गाठली की ‘एफओपन’ ‘नल’ परत देते. प्रत्येक ‘रिटर्न’आधी ‘एफक्लोज’ लिहीत बसण्यापेक्षा शेवटी आवराआवरीची एकच जागा ठेवून ‘गोटू’ने तिथे जावे. (संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९६८मध्ये ‘गोटू’ला झोडपले खरे, पण लिनक्स कर्नलमध्ये हीच रीत आहे.) आवराआवरीच्या जागी ‘नल’ आधी तपासावा, ‘फ्री’ला तो चालतो, ‘एफक्लोज’ला नाही. – संपा.