१९ जून आणि आपला १ फेब्रुवारी

दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर जातो, त्या सोळा पायऱ्यांपाशी फुले वाहतो आणि १८३४ साली 'ॲटलस' जहाजातून आलेल्या ३६ मजुरांची आठवण काढतो. आपले कोकणातले पूर्वज मागाहून, मुंबई बंदरातून आले. पण दिवस आपण हाच मानला. १ फेब्रुवारीला मात्र आपल्यापैकी बहुतेक जण घरीच असतात. कोणी समुद्रावर जातो, कोणी घराची साफसफाई काढतो. गुलामगिरी संपल्याची ती सुट्टी 'त्यांची', असे आपण बोलून दाखवत नाही, पण मनात धरतो. अमेरिकेतल्या एका सुट्टीची हकीकत या स्मरणिकेत सांगायचे आम्ही ठरवले, ते याच कारणाने.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी जाहीरनामा काढून बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे सांगितले. पण जाहीरनामा कागदावर होता आणि टेक्सास दूर होते. तिथे उत्तरेचे सैन्य फारसे पोहोचले नव्हते. उलट लुईझियानासारख्या राज्यांतले मळेवाले सैन्याच्या वाटेतून दूर म्हणून आपले गुलाम हाकत टेक्सासमध्ये घेऊन आले. युद्ध संपता संपता तिथे सुमारे अडीच लाख माणसे गुलामीत होती. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हस्टन बंदरात तिसरा सैनिकी हुकूम काढला, तेव्हा ती कायद्याने सुटली. मधे अडीच वर्षे गेली होती. बातमी पोहोचली नाही असे पुष्कळदा म्हटले जाते. मालकांना ती ठाऊक होती. सांगायला लावणारे कोणी नव्हते, एवढेच. हुकूम निघाल्यावरही कित्येकांनी पीक हाती येईपर्यंत तो मजुरांच्या कानावर घातला नाही.

हे वाचताना आम्हांला ल मॉर्नचा डोंगर आठवला. गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई वर चढू लागले, पळालेल्या गुलामांना वाटले की हे पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. ती दंतकथा असेल. उशिरा आलेल्या स्वातंत्र्याचे दुःख तिच्यात आहे, आणि ते टेक्सासच्या माणसाला सांगितले तर त्याला समजावून द्यावे लागणार नाही.

ग्रेंजरच्या त्या हुकुमाचा उत्तरार्ध सहसा कोणी वाचत नाही. आपण गिरमिटियांच्या वंशजांनी तो जरूर वाचावा. मालक आणि गुलाम हे नाते आता धनी आणि मजूर असे झाले, असे त्यात म्हटले आहे. मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच शांतपणे राहावे, मजुरीवर काम करावे, लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ नये, आळसात कोणी पोसणार नाही. स्वातंत्र्य दिले त्याच दमात कामावर राहायला सांगितले! पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, टेक्सासच्या विधिमंडळाने भटकेपणाविरुद्ध कायदे केले. आपल्याकडे १८६७ च्या मजूर कायद्याने जुन्या गिरमिटियांच्या हाती पास आणि फोटो दिला, आणि तो जवळ नसला की भटक्या म्हणून पोलिसांनी धरायचे. दोन्हीकडच्या मळेवाल्यांची एकमेकांशी गाठभेट झालेली नव्हती, पण युक्ती एकच सुचली. ऊस काय, कापूस काय, फुकटचा हात गेला की स्वस्तातला हात बांधून ठेवायचा.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी उठली. मालकांना नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. राबलेल्यांना काही नाही. त्यांना आणखी काही वर्षे 'उमेदवार' म्हणून त्याच मळ्यांवर राबवले, १८३९ मध्ये ती सक्ती संपली तसे ते मळे सोडून गेले, आणि रिकाम्या जागी आपली माणसे आणली गेली. म्हणजे आपल्या आगमनाची तारीख त्यांच्या सुटकेच्या तारखेला बांधलेली आहे. हे आपल्या समारंभांतल्या भाषणांत फारसे येत नाही.

१८६६ पासून टेक्सासमधले मुक्त लोक १९ जून पाळू लागले. इंग्रजी 'जून' आणि 'नाइन्टीन्थ' एकत्र करून लोकांनीच 'जूनटीन्थ' हे नाव पाडले. प्रार्थना, जाहीरनाम्याचे वाचन, भट्टीवर भाजलेले मांस, लाल सरबत. पण जमायचे कुठे? सार्वजनिक बागा त्यांना बंद. तेव्हा ह्यूस्टनमध्ये जॅक येट्स या पाद्री गृहस्थांच्या पुढाकाराने १८७२ साली वर्गणीतून दहा एकर जमीन विकत घेतली गेली. तिचे नाव इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीची बाग. स्वतःची जमीन नसलेल्यांनी आधी सणासाठी जमीन घेतली. बैठकांसाठी आणि देवळांसाठी पैपैसा गोळा करणाऱ्या आपल्या आजोबांना याचे नवल वाटले नसते.

टेक्सास राज्याने ही सुट्टी १९७९ मध्ये कायद्याने मान्य केली. विधेयक ह्यूस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांचे. देशभराच्या सुट्टीला मात्र आणखी चाळीस वर्षे लागली. त्या काळातले एक नाव लक्षात ठेवण्यासारखे: ओपल ली. फोर्ट वर्थमध्ये १९३९ साली त्यांच्या आईवडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. १९ जूनलाच जमावाने ते उद्ध्वस्त केले. ओपल तेव्हा १२ वर्षांच्या होत्या. पुढे त्या शिक्षिका झाल्या. २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनकडे चालत निघाल्या. ठिकठिकाणी अडीच मैल चालायचे, टेक्सासला वाट पाहायला लावलेल्या अडीच वर्षांच्या नावाने.

२०२० मध्ये एका सिनेटरने हे विधेयक अडवले ते खर्चाच्या कारणाने: सरकारी नोकरांना एक दिवस भरपगारी रजा देणे परवडत नाही. पुढच्या वर्षी त्याने विरोध सोडला. १५ जून २०२१ ला सिनेटने विधेयक एकमताने मंजूर केले, दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहाने ४१५ विरुद्ध १४ मतांनी, आणि १७ जूनला अध्यक्ष बायडन यांची सही झाली. त्या १४ पैकी काहींची हरकत 'स्वातंत्र्य दिन' या शब्दाला होती. देशाला ४ जुलै हा एकच स्वातंत्र्य दिन पुरे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले, पण उलट्या बाजूने. १७७६ च्या ४ जुलैला जे बेडीतच राहिले त्यांनी कोणता दिवस पाळावा?

एक योगायोगही सांगू. गुलामगिरी कायमची बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर लिंकनची सही झाली ती १ फेब्रुवारी १८६५ ला. स्वतः गुलामीत जन्मलेले रिचर्ड राइट यांनी तो दिवस राष्ट्रीय व्हावा म्हणून उतारवयात खटपट केली. १९४७ मध्ये ते वारले. १९४८ मध्ये दिवस मान्य झाला, पण सुट्टीविना. तारीख आपल्या १ फेब्रुवारीचीच.

आणि मराठीत या प्रश्नाकडे कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले, ते अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्याच शतकात कोकणातून आपली माणसे बोटीत चढत होती. त्यांच्यापैकी कोणाच्या गाठोड्यात ते पुस्तक असेल असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांना सहीसुद्धा येत नव्हती, गिरमिटावर अंगठा होता. पण आता आपल्याला वाचता येते.

ओपल ली यांना २०२४ च्या जूनमध्ये नवे घर मिळाले, ते १९३९ मध्ये जमावाने मोडलेल्या घराच्याच जागेवर. तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या.