कायम परतीचा परवाना

शासकीय नस्तीवर सर्वाधिक वेळा लिहिला जाणारा शेरा कोणता, असे कोणी विचारल्यास मी निःशंकपणे सांगेन : ‘कागदपत्रांची पूर्तता करून प्रकरण फेरसादर करावे.’ हा शेरा म्हणजे मंजुरी नव्हे आणि नकारही नव्हे. त्यामुळे लिहिणाऱ्याला त्याचा भार वाटत नाही आणि अर्जदाराला त्याविरुद्ध अपील करता येत नाही. मात्र अशा अनिर्णयाने माणसाचे नागरिकत्वदेखील ठरू शकते, याचे उदाहरण आपल्याच प्रशासनाच्या इतिहासात आहे.

१९४८ च्या पूर्वार्धात फाळणीचा हिंसाचार ओसरला आणि पश्चिम पाकिस्तानात गेलेले अनेक मुसलमान भारतात परतू लागले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरांत तोवर पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी आसरा घेतला होता. पुनर्वसनाचा ताण आणि सुरक्षेची चिंता यांमुळे भारत सरकारने १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत लागू केली. पुढे १९४९ मध्ये तिचा कायदा झाला. पाकिस्ताननेही १९४८ मध्येच तसेच निर्बंध आणले.

परवान्यांत दोन प्रकार महत्त्वाचे होते : तात्पुरत्या भेटीचा आणि कायम वास्तव्याचा किंवा परतीचा. पहिला तुलनेने लवकर मिळे. दुसऱ्यासाठी, अर्जदार ज्या प्रांतात परतू इच्छित असे, तेथील सरकारचे मत मागवले जाई. मत येईपर्यंत अर्ज पडून राही. दरम्यान अर्जदाराचे घर अनेकदा ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात जाई.

साहजिकच काही जण तात्पुरत्या परवान्यावर आपल्या कुटुंबाकडे आले आणि येथूनच कायम वास्तव्यासाठी खटपट करू लागले. येथे खरी अडचण उद्भवली. ते पाकिस्तानचे रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून त्यांचा तात्पुरता परवानाच त्यांच्याविरुद्ध मांडला जाऊ लागला. मुदत संपल्यावरही राहिल्यास गुन्हा होई आणि परत गेल्यास परतीचा हक्कच सोडल्यासारखे दिसे.

ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या तरतुदींवर चर्चा झाली. त्यांपैकी पुढे अनुच्छेद ७ झालेल्या तरतुदीनुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नव्हती. अपवाद होता तो पुनर्वसनाच्या किंवा कायम परतीच्या परवान्यावर परतलेल्यांचा. ही सवलत काही सदस्यांना अतिउदार वाटली. पंडित नेहरूंनी तिचे समर्थन केले. या वादात एक गोष्ट मात्र मागे पडली. कार्यालयातून मिळणाऱ्या एका कागदाला आता संविधानाचे वजन आले होते. समजा, एकाच घरातील दोन भावांनी एकाच दिवशी अर्ज केले. एकाचा परवाना वेळेत आला. दुसऱ्याचा रखडला, म्हणून तो तात्पुरत्या परवान्यावर आला. पहिला या अपवादात बसला, दुसरा बसला नाही. दोघांत फरक होता तो केवळ टपालाचा आणि टिपणाचा.

या कायद्याखाली, परवान्याच्या नियमांचा भंग केल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी सरकार व्यक्तीला देशाबाहेर काढू शकत होते. मुंबई राज्याविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बहुमताने निर्णय दिला की, नागरिकाला असे बाहेर काढणे घटनाबाह्य आहे. परंतु १९५२ मध्ये पासपोर्ट पद्धत येऊन मूळ कायदा तोवर रद्दही झाला होता. न्याय मिळाला, पण कायदा गेल्यानंतर.

त्या काळच्या अधिकाऱ्यांना खलनायक ठरवणे अनुचित होईल. छावण्यांत लाखो निर्वासित होते आणि भीतीही निराधार नव्हती. प्रश्न इतकाच की शंका कार्यालयाची होती आणि तिची किंमत मात्र अर्जदार मोजत होता. विलंबाचा खर्च विलंब करणाऱ्यावर पडत नसेल तर विलंब वाढतच जातो, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षातच शिकतो.

सेवेच्या सुरुवातीच्या काळात माझ्यासमोर वास्तव्यासंबंधीचे एक प्रकरण आले होते. त्यात प्रथम जन्मदाखला मागितला गेला, काही महिन्यांनी नावाच्या स्पेलिंगबद्दल प्रतिज्ञापत्र आणि शेवटी नवा रहिवासी दाखला, कारण आधीचा आमच्याच टेबलांवर फिरताना मुदतबाह्य झाला होता. त्या शेवटच्या पत्रावर सही माझी होती. नियमानुसार ती अचूक होती. आज ती मला खटकते.

उपाय अवघड नाहीत. सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात. अर्जाच्या दिवशी वैध असलेला दाखला निर्णयापर्यंत वैध मानावा. जो कागद शासनाच्याच दुसऱ्या कार्यालयात आहे, तो शासनानेच मागवावा. आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय होत नसेल, तर कारण अर्जदाराने नव्हे, अधिकाऱ्याने लेखी द्यावे.

‘पूर्तता करावी’ असे लिहिण्यापूर्वी निदान एवढे तरी पाहावे, की अपुरे काय आहे : अर्जदाराचे कागद की आपले काम?