आयुर्वेदाचे वैद्यकीय शिक्षण : बळ कुठे, उणीव कुठे?

गिरगावातील फणसवाडीपासून हाकेच्या अंतरावर एकीकडे भुलेश्वरची काष्ठौषधींची दुकाने आहेत, तर दुसरीकडे प्रिन्सेस स्ट्रीटचा दवाबाजार. या परिसरातील बारावी शास्त्र शाखेचा विद्यार्थी 'नीट'चे गुण हाती आल्यावर प्रवेशाचा विचार करू लागला, की त्याच्यापुढेही असेच दोन रस्ते उभे राहतात. एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकलेली असते आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात बीएएमएसची जागा मिळत असते. ती घ्यावी, की आणखी एक वर्ष अभ्यास करून पुन्हा परीक्षा द्यावी? साडेपाच वर्षांचा प्रश्न असल्याने हा निर्णय घाईने घेण्याजोगा नाही. म्हणूनच या शिक्षणाचे विद्यार्थ्यांच्या बाजूने दिसणारे गुणदोष समजून घेणे अगत्याचे ठरते.

मुंबईतील पर्याय

वरळी येथील रा. आ. पोदार वैद्यकीय महाविद्यालय (आयुर्वेद) हे मुंबईतील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय होय. पोदार कुटुंबाच्या देणगीतून १९४१ साली ते सुरू झाले. डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावरील याच आवारात म. आ. पोदार रुग्णालय असून केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची संस्थाही तेथेच आहे. शीव येथे आयुर्विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय आहे. मुंबईबाहेर नागपूर, नांदेड, धाराशिव आदी ठिकाणीही शासकीय महाविद्यालये आहेत. ही सर्व महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. २०२१-२२ च्या तुकडीपासून त्याची प्रत्येकी दीड वर्षाच्या तीन टप्प्यांत विभागणी झाली आहे. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित जागा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून भरल्या जातात.

बलस्थाने

विद्यार्थी प्रथम उल्लेख करतात तो शुल्काचा. खासगी महाविद्यालयाच्या तुलनेत शासकीय शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातील असते. कर्ज न काढता डॉक्टर होता येणे ही चाळीत राहणाऱ्या घरासाठी लहान गोष्ट नव्हे.

दुसरे बलस्थान म्हणजे स्वतःचे रुग्णालय. संधिवात, त्वचाविकार, पक्षाघातानंतरचे पुनर्वसन, मूळव्याध, भगंदर अशा दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण विद्यार्थ्यांना येथे जवळून पाहता येतात. पंचकर्माचे स्नेहन, स्वेदन, बस्ती हे उपक्रम पुस्तकातून समजत नाहीत. ते हाताने करूनच शिकावे लागतात. रुग्णाचा आहार, निद्रा, कोष्ठ, ऋतुमान यांची सविस्तर चौकशी करण्याची सवयही याच शिक्षणातून लागते. पुढे कोणत्याही पद्धतीने व्यवसाय केला तरी ही सवय उपयोगी पडते.

तिसरी बाजू संशोधनाची. भगंदरावरील क्षारसूत्र उपचाराची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत घेतली आणि १९९१ साली तिचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर केलेले काम सर्वश्रुत आहे. अवरोधजन्य काविळीच्या शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिल्यास काय फरक पडतो, याचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची आवड आहे, त्याला या शाखेत काम करण्यासारखे पुष्कळ आहे.

उणिवा

पहिली अडचण भाषेची. अष्टांगहृदय, चरक आणि सुश्रुत या संहिता मुळातून वाचाव्या लागतात. आठवीपासून संस्कृत सोडलेल्या विद्यार्थ्याला पहिले वर्ष जड जाते. सूत्रे पाठ होतात, परंतु अर्थ रुग्णशय्येपाशी उतरत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एकाच विद्यार्थ्याला वात, पित्त, कफ यांची परिभाषा शिकायची असते आणि त्याच वेळी आधुनिक शरीररचना, विकृतिशास्त्र व रोगनिदानही. दोन्हींचा मेळ कसा घालावा, हे सांगणारा शिक्षक लाभला तर शिक्षण फळते. तो न लाभल्यास दोन्हीकडचे ज्ञान अर्धवट राहण्याचा धोका असतो. 'शुद्ध' आयुर्वेद शिकवावा की 'मिश्र', हा वाद स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आलेला आहे आणि त्याची झळ आजही विद्यार्थ्यालाच बसते.

तिसरी उणीव औषधांच्या सुरक्षिततेविषयीची. २००८ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. रसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नाला सामोरे जाण्याइतके विषशास्त्र आणि प्रयोगशाळेचे शिक्षण मिळायला हवे. केवळ परंपरेचा दाखला येथे पुरत नाही.

पदवी एक, काम दुसरे

सर्वांत मोठी विसंगती पदवीनंतर दिसते. मुंबईतील अनेक खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला निवासी डॉक्टर म्हणून बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधर असतात. २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेतही त्यांना स्थान मिळाले. तेथे सलाइन, इंजेक्शन, ऑक्सिजन आणि हृदयविकाराचा झटका यांच्याशी गाठ असते; पंचकर्माशी नव्हे. साडेपाच वर्षे जे शिकलो त्याहून वेगळेच काम करावे लागते, ही खंत म्हणूनच वारंवार ऐकू येते. चूक झाल्यास तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हेही विसरता येत नाही.

कायद्याची चौकटही सरळ नाही. दुसऱ्या राज्यात अथवा दुसऱ्या पद्धतीत व्यवसाय करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ आणि १९९८ साली दिलेले निकाल महत्त्वाचे आहेत. १९९६ चे प्रकरण मुंबईतीलच होते. होमिओपथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपथीची औषधे देणे हा निष्काळजीपणा ठरविण्यात आला. १९९८ च्या मुख्तियारचंद निकालानुसार, आयुर्वेद पदवीधराला आधुनिक औषधे देता येतील की नाही, हे संबंधित राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यातील दुरुस्तीने प्रशिक्षणाच्या मर्यादेत अशी मुभा दिली आहे. राज्याची सीमा ओलांडली की ही मुभा गृहीत धरता येत नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रक्रिया अधिसूचित झाल्या, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर रोजी देशव्यापी बंद पाळला. २०२३ च्या एप्रिलमध्ये गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आयुर्वेद डॉक्टरांना एमबीबीएस डॉक्टरांइतक्या वेतनाचा हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला.

अमेरिकेचा धडा

समांतर वैद्यकशाखेने मुख्य प्रवाहात जागा कशी मिळविली, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. हाडे व सांधे हाताने हाताळून उपचार करण्याची 'ऑस्टिओपथी' ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडली. १८९२ साली मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले महाविद्यालय निघाले. आरंभी या पदवीधरांची अवहेलनाच झाली. मात्र त्यांच्या महाविद्यालयांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया आणि रुग्णालयीन प्रशिक्षण हळूहळू एमडीच्या तोडीस आणले. १९७३ पर्यंत सर्व राज्यांत त्यांना पूर्ण व्यवसायाचा परवाना मिळाला आणि २०२० साली दोन्ही शाखांच्या निवासी प्रशिक्षणाची मान्यता एकाच यंत्रणेखाली आली.

तेथील विद्यार्थ्यांपुढेही एक कोडे उरले आहेच : आपली हस्तोपचाराची वेगळी विद्या पदवीनंतर किती जण खरोखर वापरतात? समानता मिळाली, पण वेगळेपण पातळ झाले. आपल्याकडे याच्या उलट स्थिती आहे. वेगळेपण अभ्यासक्रमात शाबूत आहे. समान प्रशिक्षण मात्र नाही, आणि कामाची अपेक्षा समान आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी

महाविद्यालय निवडताना काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. बाह्यरुग्ण विभागात सकाळी किती गर्दी असते? आंतररुग्ण विभागातील खाटा भरलेल्या असतात का? प्रसूतिकक्ष आणि शस्त्रक्रियागृह चालू आहे का? आंतरवासितेत आधुनिक रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात किती काळ पाठवितात? पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयांत आहे? ही माहिती पुस्तिकेपेक्षा तिसऱ्या टप्प्यातील विद्यार्थी अधिक मोकळेपणाने देतात.

एक प्रश्न मात्र विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारायचा आहे. आयुर्वेद शिकायचा म्हणून ही जागा घ्यायची, की नावापुढे डॉक्टर लागावे म्हणून? पहिल्या उत्तरासाठी वरळीचे आवार पुष्कळ काही देऊ शकते. उत्तर दुसरे असेल, तर एक वर्ष थांबण्याचा विचार पालकांशी बसून जरूर करावा.