सोवळे, आश्रम आणि अभ्यासक्रम : सुरत परिसरातील स्वयंपाकशिक्षणाचा मागोवा

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण मूळची गुजराती असली, तरी मराठी वाचकालाही ती परकी नाही. उंधियू, पोंक आणि घारी यांच्या वर्णनांना सुरतेवरील लेखनात तोटा नाही. परंतु हे जेवण ज्या हातांनी घडवले ते हात तयार कसे झाले, बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना स्वयंपाक कोणी आणि कोणत्या हेतूने शिकवला, हा प्रश्न मात्र खाद्यकीर्तीच्या मागे झाकलेला राहतो. विसाव्या शतकात या परिसरात त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे दिली गेली. एका उत्तरानुसार स्वयंपाक ही गृहिणी होऊ घातलेल्या मुलीची तयारी होती, तर दुसऱ्यानुसार ती स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या प्रत्येक माणसाची गरज होती. सुरत जिल्हा 1 मे 1960 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने आणि या दोन्ही विचारांना मराठी माणसांचा हातभार लागलेला असल्याने, हा इतिहास मराठी शिक्षणाच्या इतिहासापासून तोडून सांगता येत नाही.

पहिल्या उत्तराची सुरुवात विरोधाभासाने झाली. 1907 साली बाजीगौरी मुन्शी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी सुरतेत ‘वनिता विश्राम’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा उच्चवर्णीय घरांतील बालविधवेला स्वयंपाक शिकवण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती, कारण तोच तिच्यावर लादलेला होता. सोवळ्यात, म्हणजे स्पर्शास्पर्शाचे नियम पाळून, घरादारासाठी रांधणारी बिनपगारी बाई हे तिचे स्थान पुण्यात जसे होते तसेच सुरतेतही होते. अशा मुलीच्या हातात पुस्तक देणे म्हणजे तिला काही काळ तरी चुलीपासून दूर नेणे होते, आणि आरंभीच्या सुधारकांनी अक्षरओळखीला अग्रक्रम दिला यात नवल नाही. लादलेल्या संसाराला न्यायालयात नकार देणाऱ्या आणि पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टर रखमाबाई 1895 पासून याच शहरातील स्त्रियांच्या रुग्णालयात काम करीत होत्या, हेही येथे लक्षात घ्यावे लागते; शिकलेली बाई चुलीपलीकडे काय करू शकते, याचे उदाहरण सुरतेपुढे होते.

चूल परत आली ती शास्त्राच्या रूपाने. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि गृहशास्त्र ही त्याची दोन वैशिष्ट्ये ठरली. गृहशास्त्र म्हणजे आहार, आरोग्य आणि घरखर्च यांचे एकत्रित शिक्षण होय. मराठीबरोबर गुजराती माध्यमही स्वीकारल्याने हा विचार गुजरातेतही पोहोचला. या विषयाने स्वयंपाकाला मोजमाप आणि पोषणविचार दिला, ही त्याची जमेची बाजू होती. परंतु तो स्त्रीविद्यापीठाचा विषय म्हणून वाढला, आणि ही खूण त्याच्यावरून पुढे कधीच पूर्णपणे पुसली गेली नाही.

दुसरे उत्तर आश्रमांतून आले. ट्रान्सवालमधील सत्याग्रही कुटुंबांसाठी 1910 साली उभारलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर नोकर न ठेवता रांधण्यापासून मैला काढण्यापर्यंत सर्व कामे रहिवाशांनीच करावयाची, असा नियम महात्मा गांधींनी घातला होता. हाच नियम त्यांनी 1915 साली अहमदाबादजवळच्या कोचरब येथील आश्रमात आणला. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, सुरतेला गाडीतून उतरले आणि परीक्षा सोडून काशीकडे वळले. म्हणीतल्या दोन गावांपैकी पहिले त्यांना थांबवू शकले नाही, असे म्हणावयास हरकत नाही. घर सोडण्यापूर्वी त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळली होती. त्याच वर्षी जूनमध्ये ते कोचरबला पोहोचले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते आणि त्यांनी या विशीतल्या ब्राह्मण तरुणालाही चिरण्यास बसवले. विनोबांचे आश्रमीय शिक्षण असे स्वयंपाकघरात सुरू झाले, आणि पुरुषाने भाजी चिरणे हा त्या शिक्षणाचा अपवाद नव्हे तर आरंभ होता.

सुरत जिल्ह्यात या विचाराला खरी जमीन मिळाली ती वालोड तालुक्यातील वेडछी येथे. हा भाग 2007 पासून तापी जिल्ह्यात मोडतो. 1922-23 मध्ये या आदिवासी पट्ट्यात देवीची चळवळ पसरली होती. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने हजारो लोकांनी दारू आणि मांसाहार सोडण्याची शपथ घेतली होती. त्या पार्श्वभूमीवर जुगतराम दवे यांनी वेडछीत आश्रम रुजवला आणि चौधरी, गामीत आदी समाजांतील मुलामुलींसाठी निवासी शिक्षण उभे केले. ‘आत्मरचना अथवा आश्रमी केळवणी’ या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातील केळवणी म्हणजे शिक्षण. आणि या शिक्षणात सफाई, शेती, कताई यांच्याइतकेच रसोडे, म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघर, हाही अभ्यासाचा भाग होता. पाळीपाळीने रांधताना धान्याचा हिशेब, पाण्याची बचत आणि आजाऱ्याचे पथ्य या गोष्टी वहीत न लिहिताच शिकल्या जात. ज्या वयात मुलाला आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत याची खात्री हवी असते, त्या वयात सगळ्यांना पुरेल एवढे अन्न वेळेवर शिजवण्याची जबाबदारी त्याच्यावर येत होती, आणि त्या अन्नाच्या पंगतीत जात विचारली जात नव्हती. आज ज्याला किशोरांचे मनःस्वास्थ्य म्हटले जाते, त्याचा विचार त्या काळी या नावाने झाला नसला, तरी त्याची व्यवस्था येथे होती.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. आश्रमाचे रसोडे शाकाहारी होते, तर नदीतील मासे आणि खेकडे हे या मुलांच्या घरच्या आहाराचा नित्याचा भाग होते. दारूबंदीचे समर्थन सहज करता येते. परंतु घरचे अन्न सोडणे हीच उन्नती, अशी समजूत स्वयंपाकाच्या धड्यासोबत दिली जात असेल, तर तो धडा केवळ कौशल्याचा राहत नाही, आणि आश्रमी शिक्षणाच्या प्रशंसकांनी याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

फेब्रुवारी 1938 मध्ये बारडोलीजवळ तापीकाठच्या हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तेथे बुनियादी शिक्षणाच्या तत्त्वाला, म्हणजे सात वर्षांच्या मोफत, मातृभाषेतील, उत्पादक श्रमाभोवती गुंफलेल्या शिक्षणाला, मान्यता मिळाली. आदल्या वर्षीच्या वर्धा परिषदेनंतर डॉक्टर झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला होता. सूतकताई, सुतारकाम, शेती असे हस्तव्यवसाय त्यात केंद्रस्थानी होते. पाचवीपर्यंत मुलामुलींचा अभ्यास बहुतांशी सारखा होता, परंतु पुढील दोन वर्षांत मुलींना मूळ हस्तव्यवसायाऐवजी प्रगत गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. मुलांना तशी मुभा नव्हती. सेवाग्रामच्या शाळेत मुलगे प्रत्यक्षात रांधत असताना कागदावरील अभ्यासक्रमाने चूल पुन्हा मुलींकडे सरकवली, ही विसंगती वेडछीपासून काही कोसांवर मान्य झालेल्या ठरावाच्या पोटातच होती.

ती विसंगती उघडपणे मांडण्याचे काम पुढे सुरतेतच जन्मलेल्या एका स्त्रीच्या समितीकडे आले. हंसा मेहता यांचा जन्म 3 जुलै 1897 चा; ‘करण घेलो’ या पहिल्या गुजराती कादंबरीचे लेखक नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग व्हावा, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू असताना त्यांनी गृहविज्ञानाच्या विद्याशाखेला आधार दिला. मात्र 1952-53 च्या मुदलियार आयोगाने मुलींसाठी गृहविज्ञानाच्या खास सोयी सुचवल्या असताना, 1960 च्या दशकात त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लिंगावरून अभ्यासक्रम वेगळा करण्यास नकार दिला. पुढे कोठारी आयोगाने या भूमिकेची दखल घेतली आणि तिला पाठिंबाही दिला. शाळांच्या वेळापत्रकांवर त्याचा परिणाम तुटपुंजा झाला. गृहविज्ञानाच्या वर्गात बहुतेक ठिकाणी मुलीच बसत राहिल्या.

दरम्यान सुरत बदलली. यंत्रमागांच्या वस्त्यांत ओडिशातील गंजामहून आलेले तरुण कामगार मेसच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपतात आणि मेसचालकाने शिजवलेले खातात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या खान्देशी कुटुंबांत कळण्याची भाकरी थापणे मुलीने शिकावे हे गृहीत असते, आणि मुलग्याने ते शिकावे असे क्वचितच कोणाच्या मनात येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद केली. तिच्या उदाहरणांत सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम आणि कुंभारकाम यांची नावे आहेत, स्वयंपाकाचे नाही. अर्थात ती यादी बंदिस्त नाही, आणि तीत आणखी काय घालावे हे राज्यांनी व स्थानिक समुदायांनी ठरवावयाचे आहे.