रोख नाणे नाहीसे होईल काय?

गेल्या दहा वर्षांत आपल्या व्यवहारात झालेला पालट इतक्या त्वरेने घडला, की त्याचा विचार करावयास कोणास फुरसतच मिळाली नाही. भाजीवालीच्या टोपलीपासून देवळातील दानपेटीपर्यंत जिकडे तिकडे ठिपक्यांची ती चौकोनी आकृती लागली आहे. मोबाईल तिच्यासमोर धरला की पैसे पोहोचतात. यूपीआय ही पद्धती २०१६ च्या एप्रिलात सुरू झाली आणि २०२३ च्या ऑगस्टात एकाच महिन्यात तिच्यावरून एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. हे पाहून पुष्कळ जण म्हणू लागले आहेत, की नाणी व नोटा आता थोड्या दिवसांच्याच सोबती आहेत. हे भाकीत खरे ठरेल की खोटे, हे सांगावयास आम्ही ज्योतिषी नव्हे. परंतु आपल्या लोकांनी कित्येक चलने डोळ्यांदेखत मरताना पाहिली आहेत, आणि नाण्यावाचून चालणारा व्यवहारही शतकानुशतके केला आहे. म्हणून या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेने जाणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते.

नाणे न हलविता पैसे पोहोचते करणे ही काही नवी युक्ती नव्हे. पेशवाईच्या काळात दूरच्या यात्रेस निघालेल्या गृहस्थास रुपयांची थैली कमरेस बांधून जाणे धोक्याचे असे. तो आपल्या गावच्या पेढीवर रक्कम भरी, हुंडणावळ देई आणि एक कागद घेऊन निघे. दुसऱ्या टोकास त्या सराफाचा आडत्या तो कागद पाहून रोख रुपये मोजून देई. दाखविताच पैसे मिळावयाचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी मिळावयाचे ती मुदती. केवळ पतवान माणसासच द्यावयाची ती शहाजोग. कागद वाटेत गहाळ झाला तर पेठ, तीही हरवली तर परपेठ, अशी पुढची सोयही ठरलेली होती.

नरसी मेहत्यांच्या हुंडीची कथा महिपतींच्या भक्तविजयामुळे मराठी वाचकांस चांगली परिचित आहे. द्वारकेस जाणाऱ्या यात्रेकरूंस मेहत्यांनी शामळशा सेठीच्या नावे हुंडी लिहून दिली आणि ती प्रत्यक्ष भगवंतांनी वटविली. भक्तीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी या कथेत व्यवहाराचे एक मर्म आहे. कागद कितीही नेटका लिहिलेला असला, तरी त्याचे सारे मोल दुसऱ्या टोकास तो वटविणाऱ्यावर अवलंबून असते. शामळशा उभा राहिला म्हणून हुंडी खरी झाली. तो न येता, तर यात्रेकरूंच्या हाती नुसता कागद राहिला असता.

मग इतकी सोयीची हुंडी असताना नाणे का गेले नाही? कारण दोघांची कामे निराळी होती. मोठ्या रकमा हुंडीने जात. नावाड्याची उतराई, हमालाची मजुरी, तीर्थावरील दक्षिणा ही सारी नाण्यांनी भागे. नावाड्यास यात्रेकरूची पत ठाऊक नसे आणि ती ठाऊक असण्याची त्यास गरजही नसे. नाणे हातावर पडले की व्यवहार पुरा झाला. तिसऱ्या कोणास विचारावयाचे कारण उरले नाही. ओळखीवाचून व हिशेबावाचून व्यवहार पुरा करण्याचे हे सामर्थ्य रोकडीत आहे आणि हुंडीत नाही.

अर्थात रोकडीचाही सुवर्णकाळ असा कधी नव्हता. अंकुशी, चांदवडी, बाबाशाही, हाली असे नाना प्रकारचे रुपये बाजारात फिरत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. एका मुलखातील रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ तो पारखून बट्टा कापून घेई. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखात चालू केला, तेव्हापासून ही विविधता हळूहळू मोडू लागली. बडोद्याच्या गायकवाडांचा बाबाशाही रुपया १९०१ साली इंग्रजी रुपयापुढे मावळला. निजामाच्या राज्यातील हाली शिक्का त्याहून चिवट. मराठवाड्यातील जुनी माणसे 'हाली' आणि 'कलदार' असा भेद करूनच पैसे मोजीत. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. १९४८ साली हैदराबाद भारतात विलीन झाले, तरी हाली शिक्क्याची मान्यता १९५९ पर्यंत टिकली. हाली म्हणजे सध्याचे, चालू. आज तो रुपया केवळ संग्राहकांच्या पेटीत आहे.

गोमंतकाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १५१० साली गोवा घेताच आल्बुकर्कने तेथे टांकसाळ घातली. पुढे १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यानंतर गोव्याची टांकसाळ बंद पडली आणि पोर्तुगालच्या राजाची मुद्रा असलेले गोव्याचे रुपये १८८१ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. सोळा तांगांचा हा रुपया जाऊन १९५८-५९ च्या सुमारास एश्कुदो आला. एका रुपयास सहा एश्कुदो असा दर ठरला. लोकांच्या बोटांस त्या नव्या हिशेबाची सवय होते न होते, तोच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लवकरच भारतीय रुपया आला. चारपाच वर्षांच्या अवधीत एकाच दुकानाच्या गल्ल्याने तीन चलने पाहिली.

त्याच वेळची दुसरी घटना आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. गोमंतकातील अनेक कुटुंबांनी आपले सोन्याचे दागिने बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत तारण ठेविले होते. मुक्तीपूर्वी ते सोने लिस्बनला नेण्यात आले. ते परत येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. मध्ये तीस वर्षे गेली. ज्यांनी पावत्या जपून ठेविल्या होत्या, त्यांच्यापैकी कित्येकांनी तोवर इहलोक सोडला असेल. पावती खरी होती, नोंद खरी होती. परंतु दुसऱ्या टोकाचा शामळशा समुद्रापार निघून गेला होता.

या सर्व उदाहरणांतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाबाशाही, हाली, एश्कुदो ही नाणी लोकांस नकोशी झाली म्हणून गेली नाहीत. ती राजसत्ता पालटल्याने वा तिच्या हुकुमाने गेली. आणि एक नाणे गेले, तरी हातोहात पैसे देण्याची रीत गेली नाही. तिने दुसरे नाणे उचलले. बोलण्यात तर मेलेली नाणीही जिवंत राहिली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, तरी खरी गोष्ट आपण अजून सोळा आणे खरीच म्हणतो. आणि आमच्या कोंकणीत पैशास आजही 'दुडू' हाच जुन्या तांब्याच्या नाण्याचा शब्द आहे.

आजची स्थितीही हेच सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनातील नोटांच्या मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद झाला. त्या वेळी देशात सुमारे १८ लक्ष कोटी रुपयांचे चलन होते. पुढील वर्षांत मोबाईलवरचे व्यवहार अनेक पटींनी वाढले. तथापि मार्च २०२४ अखेर चलन सुमारे ३५ लक्ष कोटींवर पोहोचले होते. बाजारातील देवघेवीत रोकडीचा वाटा घटला आहे, हे खरे. पण अडीअडचणीसाठी लोक ती हाताशी ठेवू इच्छितात, हेही तितकेच खरे. युरोपात छापील नोटा प्रथम १६६१ साली स्वीडनने काढल्या आणि रोकड सोडण्यातही तोच देश आघाडीवर राहिला. त्याच्याच शासनाने २०२४ साली घरोघर धाडलेल्या आपत्कालीन पुस्तिकेत थोडी रोकड जवळ बाळगण्याचा सल्ला दिला आहे.

आमच्या वाचकांचा या प्रश्नाशी निकटचा संबंध येतो तो देवळात. देवस्थानाचा जमाखर्च चोख असावा, याविषयी दुमत नाही. गोमंतकात तर माझानी नियमावलीनुसार देवस्थानांचे हिशेब शासनाच्या देखरेखीखाली असतात. मोबाईलने आलेली देणगी आपोआप लिहिली जाते, मोजदादीत गळती होत नाही, जत्रेच्या दिवशी सुट्या पैशांची ओरड राहत नाही. हे लाभ नाकारणे दुराग्रहाचे होईल. परंतु आपल्या परंपरेने दानाचा आणखी एक प्रकार श्रेष्ठ मानला आहे, तो गुप्तदान. आरतीच्या तबकात पडलेल्या नाण्यावर देणाऱ्याचे नाव नसते. ते एक रुपयाचे होते की पाचाचे, हे शेजाऱ्यासही कळत नाही. मोबाईलवरून दिलेल्या दानाची नोंद मात्र बँकेत राहतेच. शिवाय ज्या वृद्धेजवळ मोबाईल नाही, किंवा असूनही तो दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, तिने पदराची गाठ सोडून देवापुढे काय ठेवावे?

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य जनतेसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग आरंभिला आहे. हा रुपया नोटेप्रमाणेच खुद्द त्या बँकेचे देणे आहे. नव्या साधनातही नोटेचे काही गुण आणावेसे वाटतात, यातच रोकडीची थोरवी मान्य झाली आहे.

तेव्हा रोकड आपण होऊन नाहीशी होईल, असे आम्हांस वाटत नाही. मात्र ती नाहीशी केली जाऊ शकते: आज एका दुकानाने नाणी नाकारून, उद्या एका कचेरीने खिडकी बंद करून, परवा एखाद्या देवस्थान समितीने तबक उचलून ठेवून. अशी लहान लहान पावले कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. आमची समित्यांस विनंती एवढीच, की नवी पाटी अवश्य लावावी, पण तिच्याशेजारी तबकही राहू द्यावे. हुंडी आणि नाणे आपल्या पूर्वजांच्या संसारात एकत्र नांदली; मोबाईल आणि नाणे आपल्या काळात तशीच नांदावयास हरकत नाही.