सोनईच्या आसमंतातील कॅथलिकांचा नित्याचार

अहमदनगर (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो बहुधा एक तर मिशनरींच्या चरित्रांच्या अंगाने लिहिला, नाही तर दुष्काळातील धर्मांतरांच्या अंगाने. स्नानसंस्कार कोणी, केव्हा व किती जणांस दिला याची चर्चा त्यात विपुल आहे. परंतु रविवारी संस्कार घेतलेले कुटुंब सोमवारपासून कसे वागू लागले, याचा विचार क्वचितच आढळतो. आमच्या मते इतिहासाचा खरा विषय तो सोमवार होय. प्रस्तुत लेखात सोनईच्या आसमंतातील कॅथलिकांपुरता तो विचार करावयाचा आहे.

सोनई हे नेवासे तालुक्यातील मोठे गाव राहुरीहून शिंगणापूरमार्गे घोडेगावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ते या तालुक्याचे ठाणे. एकोणिसाव्या शतकात या मुलखात ख्रिस्ती धर्म दोन वाटांनी आला. नेवासे तालुक्यातच वडाळे येथे अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक इ. स. १८५७ मध्ये येऊन राहिले. आणि शेजारच्या राहुरी तालुक्यात केंदळ येथे जर्मन जेसुइटांनी इ. स. १८७८ मध्ये आपले ठाणे घातले. सोनई या दोहोंच्या मधोमध. एकाच वस्तीत, किंबहुना एकाच भावकीत, एक घर अमेरिकन मिशनचे आणि दुसरे ‘रोमन’, असा प्रकार त्यामुळे या भागात नवलाचा नाही. कोणते घर कोणत्या पंथाचे, हे ओळखण्यास फार खोल जावे लागत नाही. एक म्हणतो बाप्तिस्मा, दुसरा म्हणतो स्नानसंस्कार; एक प्रभुभोजनास जातो, दुसरा मिस्सेस.

केंदळचा आरंभ आणि १८७६–७८ चा भयंकर दुष्काळ यांचा काळ एकच पडतो. यावरून ‘पोटासाठी धर्म’ हा आक्षेप निघाला व तो अद्यापि ऐकू येतो. तो सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या मनुष्यास गावाने विहिरीवर चढू दिले नाही, तो उपाशी असता जिकडे अन्न आणि थोडा मान मिळेल तिकडे गेला, यात निंदा करण्याजोगे असलेच तर ते त्या गावाकडे आहे. परंतु या उपपत्तीने येण्याचे कारण समजते, राहण्याचे समजत नाही. पुढे पाऊस पडला, धान्यवाटप थांबले. कित्येक परत फिरले. पण पुष्कळ राहिले. जे राहिले त्यांच्या वाट्यास काय आले, हे पाहू लागले म्हणजे आक्षेपकांच्या हिशेबात मोठी चूक दिसू लागते.

कॅथलिक ज्यास धर्मग्राम म्हणतात ते एक गाव नव्हे. मुख्य ठाण्याचे एक मंदिर आणि त्याच्या पोटात विखुरलेली अनेक गावे व वस्त्या, अशी त्याची रचना. धर्मगुरू घोड्यावरून किंवा बैलगाडीतून पाळीपाळीने फिरणार. म्हणजे एका वाडीस त्यांचे दर्शन पुष्कळ दिवसांनी व्हावयाचे. मधल्या काळात सर्व भार गावच्या धर्मशिक्षकावर. लोक त्यास नुसते ‘मास्तर’ म्हणत. दिवसा मुलांस अक्षरओळख करून द्यावी, सांजच्याला घरोघरच्यांस जमवून जपमाळेची प्रार्थना सांगावी, धर्मप्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावी, कोणी अत्यवस्थ झाल्यास धर्मगुरूकडे पायी निरोप न्यावा, भावाभावांतील तंटा मिटवावा, ही त्याची कामे. मिशनरींच्या पत्रव्यवहारात हा मनुष्य फार थोडा दिसतो; पण तो वगळल्यास बाकीचे चित्र उभेच राहत नाही. पाठांतराची आजकाल टिंगल होते. आम्ही स्वतः पाणिनीची सूत्रे आधी घोकली आणि अर्थ पुढे शिकलो; म्हणून अक्षरशत्रू शेतमजुराने तोंडपाठ केलेली प्रश्नोत्तरे आम्हांस हसण्याजोगी वाटत नाहीत. पुस्तक नसलेल्या घरात धर्म टिकतो तो जिभेवर.

आता नियमांकडे वळू. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करावे, असा रोमन धर्मसभेचा दंडक होता. इ. स. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ मध्ये तीन तासांची मर्यादा ठरविली आणि १९६४ मध्ये ती एक तासावर आली. युरोपातील नगरात, जेथे पहाटेची मिस्सा घराजवळ होते, तेथे हा नियम फारसा जाचक नव्हे. परंतु नेवाशाच्या उन्हात दोन-तीन कोस चालत येणाऱ्या बाईने घोटभर पाणीही न घेता धर्मगुरूंची गाडी येईपर्यंत थांबावे, हे निर्जळी एकादशीहून सोपे नव्हते. शेजारचा माळकरी हे व्रत न सांगता समजू शकत असे. तुळशीची माळ घातली की वारी, एकादशी आणि मांसाशनाचा त्याग आलाच. तशीच ही दुसरी माळ.

याहून कठीण नियम विवाहाचे होत आणि येथेच आमच्या मते खरी कसोटी लागली. गावच्या पूर्वापार रिवाजात काडीमोड होती व पाट लावण्याची मुभा होती. पंचांसमोर प्रकरण निकालात निघे. कॅथलिक विवाह मरणाखेरीज सुटत नाही. न पटलेल्या नवराबायकोस हा नियम किती जड गेला असेल, याची कल्पना करावी. विधवेस मात्र पुनर्विवाहाची आडकाठी नव्हती, म्हणजे त्या काळच्या ब्राह्मणघरातील विधवेपेक्षा तिची स्थिती बरी. दुसरे, मामाची मुलगी ही महाराष्ट्रात पुष्कळ जातींमध्ये हक्काची नवरी. रोमन धर्मशास्त्रात तीच निषिद्ध नात्यात पडते. तिच्याशी लग्न करावयाचे तर वरिष्ठांची विशेष परवानगी लागते व ती विवाहाच्या वहीत नमूद करावी लागते. घरात ठरलेली सोयरीक धर्मगुरूंनी अडवून धरली आणि मामा-भाच्यांत वितुष्ट आले, अशा गोष्टी या भागातील वृद्धांच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. ज्याने केवळ पोटासाठी धर्म घेतला, तो घरचे लग्न असे अडून राहू देईल काय?

‘शिष्य’ शब्द शास् धातूपासून झाला आहे. ज्यास शासन करावयाचे, वळण लावावयाचे, तो शिष्य. लॅटिनमधील ‘दिस्किपुलुस’ याचा अर्थ शिकणारा एवढाच. मराठी ख्रिस्ती लेखकांनी येशूच्या अनुयायांस शिष्य म्हटले, तेव्हा अर्थ नकळत अधिक कडक झाला, आणि वरील नियम पाहता तो यथार्थही ठरला. कॅथलिक मराठीची परंपरा तशी जुनी. फादर स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये छापले गेले. परंतु ते रोमन लिपीत होते. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमन लिपीतच निघाली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. म्हणजे नगरकडच्या कॅथलिकास आपल्याच भाषेतील हा ग्रंथ वाचावयास मिळण्यास ३४० वर्षे लागली! त्याच्या हाती त्याआधी पडला तो ‘निरोप्या’. जर्मन जेसुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले हे मासिक. डोरिंग पुढे, १९०७ मध्ये, पुण्याचे बिशप झाले.

पहिले महायुद्ध हा या सर्व रचनेस बसलेला मोठा धक्का. १९१४ मध्ये जर्मन मिशनरी एका दिवसात शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. १९१५–१६ मध्ये बहुतेकांस हिंदुस्थान सोडावे लागले. ज्यांनी लोकांस धर्मात आणले तेच निघून गेले. त्या पाठोपाठ १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. उरलेल्या थोड्या धर्मगुरूंस प्रत्येक मरणाऱ्याच्या उशाशी पोचणे शक्य नव्हते, हे सांगावयास नको. अशा वेळी प्राणसंकटात असलेल्या बालकास कोणीही पाणी घालून स्नानसंस्कार द्यावा, अशी धर्मशास्त्राची अनुज्ञा आहे; मास्तर, आजी, सुईण, कोणीही. मिशनरींच्या दानधर्माने धरून ठेवलेला हा समाज असता, तर त्या चार वर्षांत तो विरघळून जावयास हवा होता. तसे झाले नाही. याहून बळकट पुरावा आमच्यापाशी नाही आणि तो लागूही नये.

पुराव्याचा विषय निघालाच आहे, तर साधनांविषयी थोडे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने इ. स. १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामास स्नानसंस्कार व विवाह यांच्या वह्या ठेवण्याची आज्ञा केली. बालकाचे नाव, आईबाप, धर्ममातापिता, संस्कार देणारा, तारीख. १९०७ च्या फर्मानाने त्याच ओळीच्या समासात पुढे विवाहाची नोंद करण्याचेही ठरले. ज्या समाजाचे नाव गावच्या दप्तरात वतनी चाकरीपलीकडे क्वचितच येई, त्यातील मजुराच्या बायकोचे नाव तारखेनिशी लिहून ठेवणारी याहून जुनी वही या मुलखात आमच्या पाहण्यात नाही. केंदळ आणि त्याच्या शाखा प्रथम पुणे धर्मप्रांतात होत्या. १९८७ मध्ये नाशिकचा धर्मप्रांत निराळा झाला, तेव्हा नगर जिल्हा त्यात गेला. अशा फेरवाटणीत वह्या इकडच्या तिकडे होतात, हे संशोधकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी वही आमच्या धंद्यातील, म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. परिणाम असा की, एकाच मुलाचे नाव देवळाच्या वहीत एक आणि शाळेच्या वहीत दुसरे. तेथे पेत्र, येथे सोयीचे एखादे हिंदू नाव. तेथे ख्रिस्ती, येथे ‘हिंदू’ आणि पुढे जात. जनगणनेचे आकडे घेऊन या भागातील ख्रिस्तींची गणती करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. या दुहेरी लिहिण्यास कोणी ढोंग म्हणतात. आम्ही ते नाव देणार नाही. ज्यास राज्याने धर्म आणि मुलाचे शिक्षण यांपैकी एक निवडावयास सांगितले, त्याने दोन वह्यांत दोन उत्तरे लिहिली. आणि रविवारी तो मुलाचे बोट धरून मिस्सेस गेला. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस सप्टेंबरात जी माणसे पायी लोटतात, त्यांत अशी कुटुंबे थोडी नसावीत.

तथापि निराळे लिहिणारेही होते. आम्ही शिक्षक असताना प्रवेशाच्या वेळी बापास विचारावे, धर्माच्या रकान्यात काय लिहू? काही जण पटका हातात घेऊन क्षणभर गप्प राहत आणि मग म्हणत, ‘ख्रिश्चनच लिवा, गुरुजी.’ त्याचा परिणाम त्यांस ठाऊक असे. ठाऊक नसल्यास आम्ही सांगत असू. तरी ते रकाना बदलू देत नसत. अशी नावे रजिस्टरात फार नाहीत. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची यादी दरवर्षी फळ्यावर लागे, तीत ती नसत. त्या मुलांचे बाप सुट्टीत त्यांस उसाच्या तोडणीवर घेऊन जात आणि जूनमध्ये वह्यापुस्तकांसह परत आणून बसवीत.